उजवीकडचा खालचा कोपरा

सोफ्यापासून टीव्हीपर्यंत अकरा फूट दोन इंच. हे अंतर त्या घरात आल्यागेल्यालाही सांगितलं जायचं, कारण ते सासऱ्यांनी स्वतः मोजलं होतं, आणि सासऱ्यांनी एकदा मोजलं की ते अंतर पुन्हा बदलायची कोणाची टाप नव्हती. त्यांचा उभा जन्म पाणीखात्यात नळांचे नकाशे आखण्यात गेला होता. खात्यातली माणसं त्यांना 'फूटपट्टी' म्हणायची, अर्थात पाठीमागे. निवृत्तीच्या समारंभात एका भाबड्या कारकुनाने भाषणात तोंडावरच म्हटलं, तेव्हा ते रागावले नाहीत. "फूटपट्टी वाकडी असली तर नळ वाकडे," एवढंच म्हणाले आणि हार गळ्यातून काढून दोन्हीकडून सारखा आहे का ते बघितलं.

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलत "हे बरं की आधीचं?" असं विचारायचं, यावर त्याचं पोट. घरी मात्र हे बरं की आधीचं असं त्याला कोणी विचारत नव्हतं. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा तो आणि बायको महिनाभरासाठी म्हणून इथे राहायला आले होते. त्या महिन्याला आता सहा वर्षं झाली होती. सासूबाईंना जाऊनही चार वर्षं झाली, पण महिना काही संपेना. घरजावई हा शब्द कोणी तोंडावर उच्चारला नाही. शेजारीपाजारी फक्त म्हणायचे, "किती करता हो तुम्ही!" आणि एकमेकांकडे बघायचे.

घराचे नियम सासऱ्यांचे. एका घराला एक कुलूप, एक किल्ली. एका घराचा एक फोन नंबर. आणि कॉम्प्युटर आल्यावर, एका घराचं एकच ई-मेल खातं. "चार तोंडांनी पाणी घेतलं की दाब कमी होतो," असं त्यांचं शास्त्र होतं. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरमागे त्यांच्या टाकाच्या अक्षरात लिहिलेला. वीजबिल असो, लग्नाची पत्रिका असो की डॉक्टरांची वेळ, सगळं त्या एका खात्यात यायचं. आणि ते खातं कायमचं उघडं असायचं टीव्हीमागे चिकटवलेल्या त्या डबीएवढ्या कॉम्प्युटरवर, ज्याच्यावर सासरे संध्याकाळी जुने सिनेमे बघायचे.

या टीव्हीला आणि घराच्या दाराला एकच भिंत होती. त्यामुळे बाहेर जायचं तर सासरे आणि टीव्ही यांच्या मधून जावं लागे. आणि मधून कोणी गेलं की सासरे विचारायचे, "कुठे?" रागाने नाही, लोभानेही नाही. पोस्टातला माणूस शिक्का मारतो तसं. दिवसाला सरासरी तीन 'कुठे' धरले तरी सहा वर्षांत जावयाने साडेसहा हजार वेळा "इथेच, येतो" असं उत्तर दिलं होतं.

तर त्या शनिवारी दुपारी सव्वाचारला जावई टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून, मांडीवर कीबोर्ड घेऊन बसला होता. बरोबर पावणेदोन तासांनी, सहा वाजता, त्याच्या हातातून एक घर जाणार होतं.

घर भाड्याचं. दोन खोल्या, इथून चालत दहा मिनिटांवर. दलालाने बजावलं होतं, शनिवारी सहाच्या आत येऊन चावी घ्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. याआधीची दोन घरं अशीच गेली होती, कारण दोन्ही वेळा सासऱ्यांना सांगायचं ठरलं, आणि दोन्ही वेळा जावई त्यांच्यासमोर जाऊन "बाबा, चहा घेणार का?" असं विचारून परत आला. बायकोने काल रात्री दिवा मालवता मालवता सांगितलं होतं, "हे तिसरं. चौथं मी बघेन ते एकटीपुरतं बघेन." बायको सासऱ्यांचीच मुलगी. ती मोजून बोलायची.

आज जेवण झाल्यावर सांगायचं, असं पक्कं झालं. जेवण झालं. जावयाने घसा खाकरला. "बाबा, जरा बोलायचं होतं."

"मलाही," सासरे म्हणाले. "तीन महिने झाले सांगतोय. आज तुम्हाला सुट्टी आहे. या टीव्हीचा सोक्षमोक्ष लावा."

झालं. उंदीर स्वतःच्या पायांनी पिंजऱ्यात गेला आणि दार त्यानेच ओढून घेतलं.

टीव्हीचं दुखणं दुहेरी होतं. नवा मोठा टीव्ही आणल्यापासून कॉम्प्युटरची अक्षरं मुंगीएवढी झाली होती. शिवाय चित्र चारही बाजूंनी बोट-दोन बोटं बाहेर सांडल्यासारखं होतं, म्हणजे कडा कापलेल्या. खालची पट्टी दिसत नव्हती, घड्याळ दिसत नव्हतं, उजवीकडचा खालचा कोपरा तर नावालाच होता. त्या कोपऱ्यात पत्र आलं की 'टुंग' असा आवाज व्हायचा, एक चौकट वर यायची, आणि कोणाला काही कळायच्या आत बुडायची.

ही कडांची गोष्ट जावयाला पहिल्याच दिवशी कळली होती. खोट कॉम्प्युटरची नव्हतीच. टीव्ही स्वतःच्या मनाने चित्र ताणत होता. रिमोट घ्यायचा, टीव्हीच्या यादीत 'चित्राचा आकार' शोधायचा, तिथे 'पूर्ण' निवडायचं. काम दोन मिनिटांचं. पण त्याच आठवड्यात बायकोने दलालाच्या कार्यालयातला फॉर्म भरला. फॉर्मला ई-मेल हवा होता. तिने सवयीने घराचा दिला. दुसरा होता कुठे? तेव्हापासून दलालाची सगळी पत्रं दिवाणखान्यात, सासऱ्यांसमोर, अकरा फूट दोन इंचांवर येऊन टुंग वाजवत होती. अक्षर बारीक आणि कोपरा कापलेला, या दोन व्याधींवर जावयाचं गुपित तीन महिने सुखाने जगत होतं. रोग बरा केला की रोगी मरणार, अशी केस.

"करा सुरू," सासरे सोफ्यावर आपल्या जागी बसत म्हणाले. ती जागा इतक्या वर्षांत त्यांच्या मापाची खोल झाली होती. रिमोट नेहमीप्रमाणे त्यांच्या उजव्या मांडीखाली होता.

"अक्षरं आधी मोठी करू," जावई म्हणाला. मनात म्हणाला, अक्षरांत जितका वेळ जाईल तितका घालवू, कडांचं बघू नंतर. पण वेळ घालवायचा तर सहा वाजतात, आणि वेळ घालवला नाही तर कोपरा उघडा पडतो. त्याला दुकानातलं एक गिऱ्हाईक आठवलं, जवळचं बघायचा तर लांबचं पुसट आणि लांबचं बघायचा तर जवळचं.

पहिल्यांदा त्याने स्क्रीनचं रिझोल्यूशन उतरवलं. टीव्ही क्षणभर काळा झाला. मग चित्र आलं, अक्षरं दुप्पट, पण कडेने पिसारलेली, टीपकागदावर शाई पडल्यासारखी. मध्यभागी एक प्रश्न उमटला: 'हे बदल ठेवायचे का?' खाली आकडे उलटे पळू लागले. पंधरा, चौदा, तेरा.

"ठेवू, बाबा?"

"थांबा, बघू द्या."

सासऱ्यांनी बाजूची लाकडी पट्टी घेतली, उठले, टीव्हीजवळ गेले. पडद्यावर एक गोल चिन्ह होतं, त्याची उभी आणि आडवी मापं घेतली. "आडवं पावणेचार, उभं..."

टीव्ही काळा झाला. चित्र पुन्हा पहिल्यासारखं, मुंग्या जागेवर.

"हे काय केलंत?"

"मी नाही केलं. पंधरा सेकंदांत हो म्हटलं नाही तर ते आपणहून जुन्यावर जातं."

"का?"

"बदल केला आणि चित्रच दिसेनासं झालं तर? माणूस अडकून पडू नये म्हणून."

"मशीनला अक्कल आहे," सासरे समाधानाने म्हणाले आणि परत येऊन बसले. "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. पुन्हा ते पट्टी घेऊन उठले, पुन्हा "थांबा", पुन्हा काळा पडदा. तिसऱ्या वेळी जावयाने विचारलं, "बाबा, मी हो दाबून ठेवतो, मग सावकाश मोजा."

"मोजल्याशिवाय हो? जावईबापू, मी चाळीस वर्षं नकाशांवर सही केली. एकदा हो म्हटलं की जमीन खणतात."

जावयाला हे नवीन नव्हतं. लग्नाच्या वेळीही सासऱ्यांनी हो म्हटलं नव्हतं. "बघू" म्हणाले होते, आणि त्या 'बघू'वरच मांडव उभा राहिला होता. कायद्याने बघितलं तर ते अजून बघतच होते.

साडेचार झाले. आता त्याने दुसरा मार्ग धरला. रिझोल्यूशन होतं ते ठेवून अक्षरांचं प्रमाण वाढवायचं. दीडशे टक्के.

"एकास दीड," सासरे म्हणाले. प्रमाण हा त्यांचा प्रांत. "कमी आहे."

दोनशे. "अजून."

तीनशे. अक्षरं आता स्वच्छ होती, कोरलेल्यासारखी, पण सेटिंगची चौकटच पडद्यापेक्षा मोठी झाली आणि 'ठेवा' हे बटण पडद्याच्या डाव्या, कापलेल्या कडेपलीकडे, अंधारात गेलं. दिसत होतं फक्त 'मागे जा'. जावयाने चाचपडत बाणाच्या कळा दाबल्या. चूक कळ लागली. काळा पडदा. मुंग्या.

"मागे जाण्याचं बटण बरं दिसतं," सासरे म्हणाले.

या गडबडीत जावयाला सुचलं, पत्रांच्या सूचनाच बंद केल्या तर? चौकट येणारच नाही. मग उघडा पडो कोपरा. गेले तीन महिने त्याला हे करायला टीव्हीसमोर एकांत मिळाला नव्हता. सासरे सकाळी सोफ्यावर उगवायचे आणि रात्री मावळायचे. त्याने सहज केल्यासारखं करून 'सूचना' असं लिहिलेलं पान उघडलं.

"हे काय?"

"असंच. बघतोय."

"अक्षरं मोठी करायला सूचना कशाला लागतात?"

"नाही, कधीकधी संबंध असतो."

"नळ गळतो म्हणून बोलावलेला माणूस कपाटं उघडायला लागला, तर आम्ही त्याला बाहेर काढायचो," सासरे म्हणाले. जावयाने पान बंद केलं.

सासऱ्यांच्या डोळ्यांचीही एक कथा होती. चार वर्षांपूर्वी जावयाने त्यांना दुकानात नेलं, तपासलं, उत्तम चौकटीचा चष्मा करून दिला. त्यांनी तो घातला नाही. "माझे डोळे ठणठणीत आहेत, छापणाऱ्यांनी अक्षरं बारीक केलीत," म्हणाले. चष्म्याची डबी टीव्हीखालच्या खणात गेली, तशीच पडून. दुकानात जावयाने असे शेकडो बघितले होते, तक्त्यावरची ओळ पाठ करून येणारे, बायकोला खुणेने विचारणारे. आपल्याला दिसत नाही हे कबूल करण्यापेक्षा माणूस जग पुसट झालंय हे कबूल करतो.

पाचला बायकोने चहा दिला. कप घेण्याच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात गेला.

"सांगितलंस?" ती कपाळावर आठी न आणता म्हणाली. ही तिची रागाची परमावधी.

"ते सांगू देत नाहीत. पंधरा सेकंद सलग मिळत नाहीत."

"सहा वर्षं मिळाली होती."

"तुझे बाबा आहेत. तू सांग ना."

"मी सांगितलं तर मुलगी सोडून चालली असं होईल. तू सांगितलंस तर जावई घेऊन चालला. दुसरं त्यांना सोसेल." तिने ओट्यावरचं पाणी फडक्याने एका दिशेला ओढलं. "आणि मला हे तुझ्या तोंडून ऐकायचंय, त्यांना नाही एवढं."

"कोपरा दिसायला लागला तर त्यांना आपोआपच..."

"आपोआप?" तिने फडकं पिळलं. "आपोआप कळलं तर मी चावी घ्यायला येणार नाही. चौथं घर बघून एकटीच जाईन." मग आवाज खाली आणून म्हणाली, "साडेपाचला मी पर्स घेऊन दारात उभी असेन. बाबा 'कुठे' विचारतील. काय उत्तर द्यायचं ते ठरव."

"काय खलबतं चाललीत?" बाहेरून आवाज आला. "चहा निवतोय आणि टीव्ही तापतोय!"

तो परत येऊन बसला. दिवाणखान्यात खिडकी एकच, तीही सोफ्यामागे. पंखा फिरत होता, पण वारा सासऱ्यांपाशीच संपत होता. जावयाच्या गुडघ्यांत मुंग्या आल्या. त्याने तीनशे टक्क्यांचं पुन्हा जमवलं, या खेपेला आधीच बटणाची जागा पाठ करून. तपासायला येणारी माणसं तक्ता पाठ करतात, तसंच. तीन वेळा खाली, एकदा डावीकडे, दाबा. अंधारातलं बटण लागलं. प्रश्न मिटला, आकडे थांबले, अक्षरं राहिली. टपोरी, काळीभोर, अकरा फूट दोन इंचांवरून वाचावीत अशी.

त्याने सासऱ्यांना विचारलंच नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा बोट अजून कळेवरच होतं.

सासरे पडद्याकडे बघत राहिले. पट्टी उचलली नाही.

"बरं झालंय," ते म्हणाले. त्या घरात हे वाक्य याआधी ऐकल्याचं त्याला आठवेना. "आता कडा."

"कडांचं जरा किचकट आहे, बाबा. पुढच्या शनिवारी..."

सासऱ्यांनी उजवी मांडी किंचित उचलली. खालून रिमोट काढला, कोमट, घामेजलेला, आणि त्याच्यासमोर धरला.

"हा लागेल ना? तासाभरापासून वाट बघतोय, कधी मागताय."

जावयाने रिमोट घेतला. आता नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. मागे सोफा, पुढे टीव्ही, आणि हातात दोन मिनिटांचं काम. त्याने यादी उघडली. 'चित्राचा आकार'. 'पूर्ण'. दाबलं.

पडदा एक श्वास आत ओढावा तसा आक्रसला. चारही कडा आत आल्या. खालची पट्टी दिसली, आणि पट्टीच्या टोकाला घड्याळ, केवढं तरी मोठं: पाच एकतीस.

स्वयंपाकघराच्या दारात बायको पर्स घेऊन उभी राहिली होती. एक मिनिट उशिरा. तेवढी सवलत तिने दिली होती.

आणि टुंग.

उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून चौकट वर आली. तीनशे टक्के. अक्षरं अशी की समोरच्या इमारतीतून वाचता आली असती. पहिल्या ओळीत दलालाचं नाव, दुसरीत, 'तिसरा मजला, दोन खोल्या.' तिसरीत, 'चावी शनिवारी सहाच्या आत न्यावी. नंतर जबाबदारी नाही.'

"काय लिहिलंय?" सासऱ्यांनी विचारलं.

जावयाच्या तोंडात शब्द तयार होता. जाहिरात. चार अक्षरं. चौकट क्षणात बुडणार, मग काही नाही, सगळं आपणहून जुन्यावर. बाबांना दिसलेलं नाही, म्हणून तर विचारतायत. तो हे म्हणायला सासऱ्यांकडे वळला, आणि त्याची नजर, धंद्याने घडवलेली नजर, त्यांच्या नाकावर गेली.

नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या कोपऱ्यांखाली, दोन लहान लांबट खळगे होते. ताजे, तांबूस. चष्म्याच्या उशा रुतल्या की उठतात तसे. एका दिवसात उठत नाहीत इतके खोल. चार वर्षं खणात पडलेला चष्मा असे खळगे पाडत नाही. हे माप जावयाला पाठ होतं. त्या उशा त्यानेच वाकवून बसवल्या होत्या.

म्हणजे दुपारी, तो दुकानात आणि बायको कामावर असताना, फूटपट्टी खणातून चष्मा काढत होती, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहत होती, आणि कापलेल्या कोपऱ्यात जेवढं उरलं होतं तेवढं वाचत होती. तीन महिने. आणि तीन महिने सांगत होती, कोपरा दुरुस्त करा.

"काय लिहिलंय?" त्यांनी पुन्हा विचारलं. सगळे दुकानात विचारतात तसं नाही. तपासणारा विचारतो तसं.

चौकट अजून होती.

"तिसरा मजला, दोन खोल्या," जावयाने वाचलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "चावी शनिवारी सहाच्या आत न्यावी. आमच्यासाठी आहे, बाबा. भाड्याने घेतोय. हिला आणि मला. मी आजच सांगणार होतो. तसं मी तीन महिने आजच सांगणार होतो."

चौकट बुडाली. पंख्याचा आवाज तेवढा, आणि स्वयंपाकघरात नळाचा एक थेंब.

"या वेळी 'तिसरा मजला'पर्यंत दिसत होतं," शेवटी सासरे म्हणाले. "आणि दर वेळी 'चावी शनि'. पुढचं कापलेलं. कोणता शनिवार ते काही कळेना. दर शनिवारी सकाळी उठलो की वाटायचं, आज." त्यांनी पट्टी सोफ्याच्या हातावर नीट समांतर ठेवली. "आणि जागा दिसत नव्हती. कुठे?"

साडेसहा हजार वेळा विचारलेला प्रश्न. यावेळी त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

"मोठ्या टाकीच्या मागे," बायको दारातून म्हणाली. "चालत दहा मिनिटं."

"टाकीमागे?" सासऱ्यांची मान वर आली. "त्या गल्लीची लाईन मी आखलीय. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. दाबच नाही तिकडे. पहिल्यावर येतं, दुसऱ्यावर रडत येतं, तिसऱ्यावर..." त्यांनी हात हवेत उताणा केला.

हे खरं होतं की शेवटचा फास, ते जावयाला कळेना. बहुधा दोन्ही. सासऱ्यांच्या बाबतीत खरं आणि फास हे कायम एकाच नळातून आले होते.

"मोटर बसवू," तो म्हणाला.

"मोटर? कोण बसवणार?"

"मी."

सासऱ्यांनी त्याच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं, एक टोक ते दुसरं टोक. घड्याळात पाच अडतीस झाले होते, आणि ते आता घरातल्या सगळ्यांना स्वच्छ दिसत होते.

"जाताना ही अक्षरं जरा लहान करून जा," ते म्हणाले. "एवढी मोठी कशाला? मी काय आंधळा आहे?"

जावई सवयीने खाली बसायला वाकला. गुडघा अर्धा मुडपला सुद्धा. दोनशे करू, ते म्हणतील अजून थोडं, अडीचशे करू, म्हणतील थांबा, मोजतो. मग चहाचा कप. मग सहा. त्याला तो अख्खा महिना, सहा वर्षांचा महिना, त्या अर्ध्या मुडपलेल्या गुडघ्यात दिसला. बायको घड्याळाकडे बघत होती.

त्याने वाकूनच दोन कळा दाबल्या. अडीचशे. पडद्यावर प्रश्न आला, 'हे बदल ठेवायचे का?' आणि आता 'ठेवा' हे बटणही दिसत होतं, 'मागे जा'च्या शेजारी, तेवढंच मोठं. आकडे सुरू झाले. त्याने कीबोर्ड उचलला आणि सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे तुम्हीच ठरवा, बाबा. डावीकडचं ठेवतं, उजवीकडचं मागे नेतं."

"अहो, पण मोजल्याशिवाय..."

"रविवारी येऊ तेव्हा मोजू."

पंधरा, चौदा. तो आणि बायको सासरे आणि टीव्हीच्या मधून दाराकडे गेले. बारा, अकरा. कोणी 'कुठे' विचारलं नाही. बायकोने कडी काढली. जावयाने चपला पायात सरकवताना मागे बघितलं. सासऱ्यांनी सदऱ्याच्या खिशातून डबी काढली होती, राजरोस, आणि चष्मा नाकावरच्या त्याच दोन खळग्यांत बसवून कीबोर्डकडे बघत होते. बोट हवेत होतं. डावीकडे की उजवीकडे, ते काही ठरत नव्हतं. आठ, सात.

"लवकर," बायको जिन्यातून म्हणाली.

त्याने दार ओढून घेतलं. सासऱ्यांनी काय दाबलं ते बघायला तो थांबला नाही. त्या घरात पंधरा सेकंद थांबायचे म्हणजे किती, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. दोघं जिने उतरू लागली तेव्हा सहाला एकोणीस मिनिटं होती, आणि टाकी दहा मिनिटांवर.